तीन पायांचं पांढरं अस्वल

आपलंच बरोबर आहे अशी पक्की खात्री असताना तुम्ही कधी दुसऱ्याचं आयुष्यभराचं काम रस्त्यावर वाटून टाकलं आहे का? शांत डोक्यानं, तत्त्वाला धरून, वर मान ताठ ठेवून? मी टाकलं आहे. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि माझ्या हातात सदतीस कागद होते.

परवा गोंदियाजवळ फुलचूरला मामाकडे गेले. दुपार होती. कुठल्यातरी राइस मिलचा भोंगा होऊन गेला होता आणि हवेत कोंड्याचा तो गोडसर, घशात बसणारा वास होता. मामाच्या खोलीत शिरलं की मात्र दुसरा वास येतो. काळ्या शाईचा. लाख, कापूर आणि ओलं पोतं यांच्या मधला कुठलातरी. शाईच्या बाटलीचं झाकण उघडं आहे की लावलेलं, हे मी त्या घरात डोळे मिटून सांगू शकते. उघडं होतं.

मामा खिडकीशी, उतरत्या फळीपुढे बसला होता. नाक कागदाला टेकायचंच बाकी होतं.

"कोन?"

"मी."

"मंग सरक तिकडं. उजेड अडवून राहिली."

कागदावर एक पंजा होता. त्याच्या बाजूला आणखी एक, खाली आणखी तीन. सगळे उजवे, सगळे पुढचे. रुंद, केसाळ, आखूड नखांचे. फळीखाली असल्या पंजांचा गठ्ठा पडला होता. बाकीचं जनावर एकाही कागदावर नव्हतं.

त्याच्या डाव्या डोळ्यात आता काही उरलेलं नाही. काचबिंदू. उजव्यात मधोमध एक तुकडा शिल्लक आहे आणि भोवती सगळीकडून काळोख आत सरकतो आहे. रोज सकाळी तो आखणीची जुनी पट्टी हातभर अंतरावर धरतो आणि डोळा न हलवता किती आकडे दिसतात ते पाहतो. दिवाळीत अकरा दिसत होते. परवा म्हणाला, "सात. आठवा आहे का नाही, त्याची शंका आहे." डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं की थेंबांनी फक्त थोडे दिवस मिळतील. मी आत आले तेव्हा मामा म्हणाला, "तुले बाहेर नेऊन सांगतलं, पन पट्टी मले रोजच सांगते."

मामा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ट्रेसर होता. इंजिनियर पेन्सिलीनं नकाशा काढायचा आणि मामा मेणकापडावर तो शाईनं उतरवायचा. तलाव, कालवे, पाटचाऱ्या. माझ्या आईचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या गावतलाव बांधणाऱ्यांचं, आणि त्या घराण्यातला हा एकच माणूस असा, ज्यानं फावड्याला हात न लावता निबेनं पाळी बांधल्या. नकाशात पाळीचा, म्हणजे तलावाच्या बांधाचा, उतार दाखवायला आखूड रेघा ओढतात. वर जाड, खाली येताना बारीक होत होत नाहीशी. दिवसभर हजारो रेघा. संध्याकाळी घरी येऊन मामा त्याच रेघांनी गेंड्याची पाठ काढायचा.

गेंडा, जिराफ, झेब्रा, मुंगीखाऊ, माळढोकासारखे लांब पाय असलेला आफ्रिकेतला साप मारणारा पक्षी, कस्तुरी बैल, शेपटीवर कडी असलेलं माकडासारखं काहीतरी. यातलं एकही त्यानं पाहिलेलं नव्हतं. रद्दीवाल्याकडून इंग्रजी ज्ञानकोशाचा प्राण्यांवरचा एक सुटा खंड त्याला मिळाला होता. त्यात तिकिटाएवढी चित्रं. कचेरीच्या भिंगातून तो ती पाहायचा. रात्रीचं जेवण होईपर्यंत नुसता पाहायचा. पहिली रेघ दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी.

मी लहानपणी उन्हाळ्यात त्याच्याकडे राहायला यायचे. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारायचं काम माझं. पाणी पडलं की खोलीत गार, मातकट वास भरायचा आणि मामा ओरडायचा, "कागदावर एक थेंब गेला तं तुलेच जिराफाले चारीन!" जिराफ पाला खातो हे मला माहीत होतं, तरी मी लांब सरकायचे. मग निबेचा आवाज. कोरड्या पानावरून मुंगळा चालावा तसा. रेघ ओढताना तो श्वास धरायचा. रेघ संपली की सोडायचा. मीसुद्धा नकळत त्याच्याबरोबर श्वास धरायचे आणि सोडायचे. अशा कितीतरी दुपारी आम्ही दोघं एका श्वासावर जगलो.

एकदा मी विचारलं, "मामा, वाघ काऊन नाही काढत?"

"वाघ तं आपल्या इकडं आहे."

"मग?"

"जो आहे त्याले जाऊन पाहावं. जो नाही त्याले काढावं."

पण खोटं काढायचं नाही, हा त्याचा कायदा. चित्रात झेब्र्याचा गुडघा गवतात बुडालेला होता. मामा चार रविवार गोंदियाच्या स्टेशनबाहेर टांग्याच्या घोड्यासमोर उकिडवा बसला. टांगेवाला वैतागला, "अरे भैया, बैठना है तो बैठो, घोड़े को नज़र मत लगाओ!" पाचव्या रविवारी झेब्र्याला गुडघा आला. हिवाळ्यात धानाची भरडाई जोरात असायची, खिडकीतून कोंडा उडून यायचा, ओल्या शाईत बसायचा. जिराफाच्या मानेवर असा एक कण कायमचा चिकटला आहे. मी तो ब्लेडनं काढायला गेले तर मामानं हात धरला. "राहू दे. गोंदियात आला होता ह्याची खूण आहे."

आणि डोळे. डोळ्यातला पांढरा ठिपका तो कधी रंगवायचा नाही. तेवढा कागद पहिल्या दिवसापासून मोकळा राखायचा, सगळी शाई त्याला वळसा घालून जायची. "काळं कवाही करता येते बाई," तो म्हणायचा. "पांढरं आधीपासून राखावं लागते."

माझं स्वतःचं घर दुसऱ्या कागदांचं होतं. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं आमचं गाव, आणि त्या गावात माझे बाबा पत्रकं लिहिणारे. दारूविरुद्ध, तेंदूपत्त्याच्या मजुरीसाठी, पोरींच्या शाळेसाठी, जंगलाच्या हक्कासाठी. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द 'उठा' होता. उगवतीला अंगणात बसून आम्ही बहिणी पत्रकांच्या घड्या घालायचो, चमच्याच्या मागच्या बाजूनं घडी दाबायचो, बोटं जांभळी व्हायची. भाताला रॉकेलमिश्रित छापशाईचा वास यायचा आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. घरात देवाचा फोटो नव्हता, पण एक आज्ञा होती. कागदाची मागची बाजू कोरी जाऊ द्यायची नाही. एका बाजूनं छापलेलं पत्रक पाहिलं की बाबांचा जीव कळवळायचा. "अर्धा कागद मुका राहिला," म्हणायचे.

कॉलेजला मी गोंदियाला आले, मामाकडे राहिले. मी तेव्हा पेटलेली होते. आज त्या मुलीला मी हसत नाही. ती जे म्हणत होती त्यातलं बरंचसं मी आजही म्हणते. जंगलात पिढ्या काढलेल्या माणसाला जमिनीचा दावा कसा भरायचा हे कोणी सांगत नव्हतं, आणि आम्ही सांगत होतो. दिवसभर पायपीट करून यायचे, तर घरात हा माणूस कस्तुरी बैलाच्या पोटाचे केस काढत बसलेला.

"मामा, लोकं जमिनीसाठी तडफडून राहिले आणि तू बर्फातले जनावरं काढून राहिला? कोणासाठी?"

"कोनासाठी नाही."

"म्हणजे फुकट."

"हो," तो निब पुसत म्हणाला. "फुकटच."

त्या 'फुकटच'चा मला इतका संताप आला होता. त्यानं वाद घातला असता तर कदाचित मी विसरले असते.

माघात कचारगडची जत्रा. डोंगरातल्या गुहांपाशी दूरदूरची गोंड माणसं येतात, छत्तीसगडातून, बालाघाटाकडून, त्याही पलीकडून. एवढी माणसं एका जागी, आणि दाव्याचं पत्रक द्यायला याहून चांगली जागा कुठली? गोंदियातल्या छोट्या प्रेसमध्ये आम्ही पत्रक छापायला टाकलं होतं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. आदल्या दिवशी संध्याकाळी गुलाबी आणि पिवळा कागद संपला. प्रेसवाले चाचा म्हणाले, "बस, हो गया बेटी. जितना है उतना बाँटो." मशीन अजून गरम होतं. मला ते बंद पडलेलं बघवेना.

मामा त्या दिवशी एका लग्नाला गावी गेला होता. फळीखाली कापडात बांधलेला गठ्ठा होता. जाड, पांढरे, सारख्या मापाचे कागद. सदतीस. आणि सगळ्यांची मागची बाजू कोरी.

खरं सांगते, गरज फार थोडी होती. शेकडो पत्रकांत आणखी सदतीस म्हणजे काय? बाकीचा माझा तोरा होता. सदतीस मुके कागद मी बोलके करणार होते.

चाचांनी पहिला कागद उलटा करून दिव्याखाली धरला. "इसके पीछे तो जिराफ है."

"मालूम है."

"हाथ का बना है ये." त्यांनी बोटानं जिराफाच्या मानेला स्पर्श केला आणि बोट मागे घेतलं. "पूछ के लाई है?"

"हाँ," मी म्हणाले. तत्त्वाच्या माणसानं बोललेलं तेवढं एक खोटं.

जत्रेत धूळ होती, ढोल होते, पिवळे गमछे, तळणीचा वास, उदाचा धूर, चारपाच भाषांचा एकच गलका. गुलाबी-पिवळी पत्रकं मित्रांनी वाटली. पांढरी मी माझ्या हातानं दिली, प्रत्येकाला थांबवून, डोळ्यात पाहून, दोन वाक्यं बोलून. संध्याकाळी उतरताना दरवर्षीसारखीच आमची पत्रकं पायाखाली पडलेली. काहींवर भजी खाल्लेली. गुलाबी, पिवळी, गुलाबी, पिवळी. पांढरं एकही नाही. मी वाट सोडून झुडपांत पाहिलं, पत्रावळींच्या ढिगात पाहिलं. खरंच एकही नाही. माझा ऊर भरून आला. माणसाच्या डोळ्यात पाहून दिलेला शब्द माणूस टाकत नाही, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं. पुढे कितीतरी सभांत हे सांगितलंही.

मामा परतला. कापड रिकामं होतं. त्यानं फळीखाली हात फिरवला, मग वाकून पाहिलं.

"मी वाटले ते," मी म्हणाले. "जत्रेत. मागं पत्रक छापून."

"सगळे?"

"सगळे."

त्यानं रिकाम्या कापडाची घडी घातली. मग म्हणाला, "लोकं घेत होते?"

"घेत होते."

"बरं." आणि तो निबा धुवायला मोरीवर गेला.

तीन दिवसांनी जेवताना, भाकरीचा तुकडा हातात धरून, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "अस्वलाचा पाय राहिला होता."

त्याचं शेवटचं चित्र. बर्फातलं पांढरं अस्वल. जवळजवळ सगळा कोरा कागद आणि कडेकडेनं मोजक्या रेघा. त्या सुट्या खंडातल्या चित्रात अस्वलाचा उजवा पुढचा पंजा बर्फात रुतलेला होता, आणि पंजा कसा असतो हे सांगणारा घोडा गोंदियात कुठे नव्हता. म्हणून त्यानं तेवढा भाग सोडून ठेवला होता. कधीतरी कळेल म्हणून. "त्याले मी तीन पायांवर उभं ठेवलं बाई," तो म्हणाला, आणि भाकरी खाल्ली.

त्यानंतर त्यानं जनावर काढलं नाही. आम्ही त्याविषयी बोललो नाही. मी माझ्या सभा करत राहिले.

गेल्या हिवाळ्यात सालेकशाकडच्या एका गावात दाव्यांच्या कामासाठी गेले होते. एका म्हाताऱ्या बाईनं पाणी दिलं. पाणी पिता पिता वर पाहिलं तर आतल्या भिंतीवर गेंडा. कागद पिवळा पडलेला, पण पाठीवरच्या रेघा तशाच, पाळीच्या उतारासारख्या वरून खाली विरत गेलेल्या.

"आजी, हे कुठून आलं?"

"जत्रेतून. एक पोरगी देऊन राहिली होती. लई बोलत होती." तिनं हात हलवून त्या पोरीला उडवून लावलं. "रानडुक्कर म्हनते शेजारीन. म्या म्हनलं, नाकावर दोन शिंगाचं डुक्कर तुह्या बापानं पाहिलं होतं का?"

"मागं काय लिहिलंय, वाचलं कोणी?"

"मांगं?" ती हसली. "मांगं तं भातानं चिकटवलं ना भितीले."

दाव्याचा अर्ज कसा भरायचा, कोणते कागद जोडायचे, सगळं भिंतीकडे तोंड करून इतकी वर्षं उभं होतं. आणि त्या बाईचा दावा भरलेलाच नव्हता. मी तिथे बसून तिचा अर्ज भरला.

महिनाभरापूर्वी मामाला मी तिथे घेऊन गेले. कागद काढला तर फाटला असता, म्हणून मामालाच भिंतीपाशी नेलं. आजीनं पाट दिला. मामा भिंतीला नाक लावून वितीवितीनं सरकू लागला, शेपटीकडून कानाकडे. त्या बारीकशा तुकड्यातून तो एका वेळी तेवढंच पाहू शकतो.

आजी मला म्हणाली, "वास घेऊन राहिला का हा बुढा?"

"नाई माय," मामा भिंतीतूनच बोलला. "भेटून राहिलो." मग थोड्या वेळानं, "शेपटीचं टोक जाड झालं जरा."

परतताना बसमध्ये त्यानं पहिल्यांदा मागितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "अस्वल सापडते का पाहाय. पंजा आता माहीत आहे मले."

पंजा माहीत आहे, कारण गेंडा सापडल्यावर मी मोबाइलवर मोठा करकरून त्याला दाखवला, आणि तो रोज काढतो. नवं अस्वल तो काढू शकत नाही. आख्खं जनावर आता त्याच्या नजरेत मावत नाही. पंजा मावतो. काढलेल्या अस्वलाला एक पाय लावणं, एवढंच त्याच्या डोळ्यात शिल्लक आहे, आणि तेही पट्टीवर सात आकडे दिसतात तोवरच. परवा निघताना तो म्हणाला, "शाई घट्ट होऊन राहिली. आन एक बाटली." मी बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. धानाचे ट्रॅक्टर जात होते, आणि मला काही दिसत नव्हतं.

सदतीसांतले चार सापडले. गेंडा भिंतीवर, झेब्रा एका टपरीच्या काचेखाली, जिराफ एका गुरुजींच्या फायलीत आणि मुंगीखाऊ एका लग्नाच्या पेटीत. मी गावोगाव विचारते आहे. जत्रेला आलेली माणसं चार राज्यांत पांगली, आणि माझे पाय दोन आहेत.

म्हणून आता तुमच्याकडे मागते. आयुष्यभर मी लोकांना उठा म्हणत आले. आज खरोखर उठा. हे वाचून झाल्याबरोबर. घरातली जुनी पेटी उघडा, फोटोच्या चौकटीमागे पाहा, कपाटातल्या फळ्यांवर अंथरलेले कागद उलटे करा, भिंतीवर धुरकटलेलं काही असेल तर पुसून पाहा. सालेकसा, देवरी, आमगावकडे तुमचे कोणी सोयरे असतील तर त्यांना आजच फोन करा. जाड पांढरा कागद, एका बाजूला जंगलहक्काचं पत्रक, दुसऱ्या बाजूला काळ्या रेघांचं पांढरं अस्वल, उजवा पुढचा पाय नसलेलं. सापडलं तर भिंतीवरून खरवडू नका, पोस्टानं पाठवू नका. फक्त निरोप द्या. फुलचूरला नकाशेवाले मामा म्हटलं की कोणीही घर दाखवतं. मी त्याला घेऊन तुमच्या दारी येईन. त्याला चांगल्या उजेडात बसायला जागा द्या, आणि तासभर कोणी बोलू नका.

आणि समजा, मधल्या वर्षांत तुमच्या घरच्या एखाद्या लेकरानं, बिचाऱ्याला एक पाय नाही म्हणून, बॉलपेननं तिथे आपल्या मनानं पाय काढून टाकला असेल, तर लाजू नका, लपवू नका. तरीही कळवा. लवकर कळवा. मी मामाला विचारलं होतं, असं झालं असलं तर? तो म्हणाला, "मंग तं आधी तिथं ने मले."